सुफेन पाण्यातले मासे

शहराचे पाणी जड आहे, हे शहरातल्या प्रत्येक किटलीला ठाऊक होते. पाणीपुरवठा कार्यालयाला मात्र ते ठाऊक नव्हते. साबणाला फेस येत नाही त्या पाण्याला कार्यालयीन भाषेत ‘दुष्फेन’ म्हणतात, आणि फेस येतो त्याला ‘सुफेन’. शहराचे पाणी कधीकाळी कुणा अधिकाऱ्याने सुफेन म्हणून नोंदवले होते. त्यानंतर नदीचे पाणी अपुरे पडू लागले, खोल विहिरींचे पाणी त्यात मिसळले गेले, नळांच्या तोट्यांवर पांढरे खडे साचू लागले. पण नोंदीला काही झाले नाही. ती जशीच्या तशी स्वच्छ राहिली.

या दोन पाण्यांच्या मधोमध, म्हणजे एक जे नळाला येते आणि एक जे नोंदीत आहे त्यांच्या मधोमध, तक्रार खिडकी होती आणि खिडकीच्या आत भाऊ बसत. भाऊ हे त्यांचे टोपणनाव. नोकरीला लागले तेव्हा सगळ्यांत धाकटे होते म्हणून कुणीतरी गमतीने ‘भाऊ’ म्हटले, आणि आता कार्यालयात सगळ्यांत वडीलधारे झाले तरी ते तसेच चिकटून राहिले. भाऊंचे काम सोपे होते. लोक काचेपलीकडून बोलत, भाऊ काचेअलीकडून मान हलवत, आणि शेवटी म्हणत, “तुमचं म्हणणं वर कळवतो.” ते खरोखरच कळवत. वर काय होते, हे मात्र त्यांना वरच्यांनी कधी कळवले नाही.

नेमाने येणाऱ्यांत एक लॉन्ड्रीवाल्या काकू होत्या. त्या तोंडी तक्रार करत नसत, पुरावा आणत. कपडे धुण्याच्या यंत्रातली पाणी तापवायची कॉइल त्या खिडकीच्या फळीवर ठेवत. तिच्यावर पांढऱ्या क्षाराचे एवढे जाड पुट चढलेले असे, की ती समुद्रातून काढल्यासारखी दिसे.

“ही या वर्षातली कितवी, ते मीही मोजायचं सोडलंय,” काकू म्हणत. “गिऱ्हाइकाचे पांढरे शर्ट राखाडी होतात. साबण ओतून ओतून हात फाटले. भाऊ, खरं सांगा, हे पाणी जड आहे की नाही?”

“कार्यालयाच्या मते पाणी सुफेन आहे.”

“आणि तुमच्या मते?”

“काकू, मी खिडकीच्या आत बसून मत देत नाही. तुमचं म्हणणं वर कळवतो.”

अशात वरचे बदलले. नवे साहेब आले. ते उत्साही होते, आणि सरकारी कामात उत्साह आला की आजूबाजूच्यांना जपून राहावे लागते. साहेब नुकतेच एका परिषदेला जाऊन आले होते. तिथल्या हॉटेलात खोली वेळेवर न मिळाल्यामुळे ते भांडायच्या तयारीने खाली आले, तर स्वागतकक्षात त्यांना माशांची काचेची टाकी दिसली. आत हिरवीगार झाडे, लाल पानांचे झुडूप, आणि त्यातून सळसळत जाणारे निळ्या पट्ट्यांचे चिमुकले मासे. साहेब बघत उभे राहिले आणि भांडायचे विसरले.

“माणूस माशांकडे बघत असला की भांडत नाही,” पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितले. “आपण आपल्या दर्शनी भागात तशी टाकी ठेवायची. सगळ्यांसमोर नळ सोडून भरायची. पाणी चांगलं आहे असं आपण सांगितलेलं लोकांना पटत नाही. मासे सांगतील. कुणाला काही अनुभव?”

अशा प्रश्नाला उत्तर द्यायचे नसते, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत भाऊंना कळायला हवे होते. पण ते सरळ मनाचे होते. “आमच्या घरी आहे एक छोटीशी,” ते म्हणाले. “आमच्या हिची हौस.”

संध्याकाळपर्यंत भाऊंची ‘मत्स्य समन्वयक’ म्हणून नेमणूक झाली होती. खिडकीचे काम होतेच. शिवाय माशांचे आरोग्य ही त्यांची व्यक्तिगत जबाबदारी राहील, असे आदेशात म्हटले होते. माणसांच्या आरोग्याची जबाबदारी अशी एका माणसावर टाकलेली भाऊंनी कधी पाहिली नव्हती.

घरी आल्या आल्या ते बायकोच्या टाकीसमोर जाऊन बसले. टाकी लहानच, कपाटाच्या कडेला मावेल एवढी. फितीसारखी लांब पाने पाण्याच्या वरपर्यंत जाऊन वाकलेली, आणि त्यांतून गप्पी माशांची पिले बिनधास्त हिंडत होती. इतकी वर्षे भाऊंनी तिच्याकडे भिंतीवरच्या घड्याळाइतकेच लक्ष दिले होते.

“यांना काय खाऊपिऊ घालतेस गं? इतके ठणठणीत कसे?” त्यांनी विचारले.

“मी काही करत नाही,” बायको म्हणाली. “आपलं पाणी जड आहे, तर जड पाणी ज्यांना मानवतं तेच मी आणले. गप्पींना असंच पाणी आवडतं. ही फितीची झाडंही त्यातच फोफावतात. सुरुवातीला मीसुद्धा हौसेनं लाल पानांचं आणलं होतं. गळून गेलं बिचारं.”

“आणि ते निळ्या पट्टीचे मासे?”

“त्यांना मऊ पाणी लागतं. कशाला जीव घ्यायचा? आणि हो, तुमच्या साहेबांना सांगा, टाकी भरल्यावर लगेच मासे सोडायचे नाहीत. झाडं लावायची, पाणी फिरतं ठेवायचं, आणि काही आठवडे टाकी मुरू द्यायची. पाण्यात चांगले जिवाणू तयार झाले, की मग मासे.”

दुसऱ्या दिवशी भाऊ साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी गप्पी सुचवले. साहेब फाइल बघता बघता म्हणाले, “गप्पी का?”

“सर, जड पाण्यात ते चांगले जगतात.”

साहेबांनी फाइल मिटली आणि उठून दार लावले.

“भाऊ, आपलं पाणी कसं आहे?”

“सुफेन, सर.”

“मग जड पाण्याचे मासे आणून आपण नागरिकांना काय सांगणार? मासेसुद्धा नोंदीशी सुसंगत हवेत. मऊ पाण्याचेच मासे, मऊ पाण्याचीच झाडं. हॉटेलात होती तशीच.”

“आणि सर, टाकी थोडी मुरू द्यावी लागते. काही आठवडे.”

“उद्घाटन सोमवारी आहे,” साहेब म्हणाले.

ज्या कार्यालयात साध्या गळक्या नळाचा अर्ज वर्षानुवर्षे मुरत पडे, तिथे पाण्याला मुरायला वेळ नव्हता. सोमवारी टाकी आली. काळी माती, वर बारीक वाळू, मधोमध लाल पानांचे झुडूप, भोवती गवतासारखी नाजूक हिरवळ. साहेबांनी स्वतः नळ सोडला. टाळ्या वाजल्या, मासे सोडले, फोटो निघाले. टाकीवर पाटी लागली: ‘या टाकीत आपल्याच नळाचे पाणी आहे.’

आठवडा उलटायच्या आत लाल पाने तपकिरी झाली, मग पारदर्शक, मग नाहीशी. हिरवळ पिवळी पडली. पाणी उडून पातळी जिथे खाली जाई, तिथे काचेवर पांढरी रेघ उमटे. ती पुसली तर पुसली जात नसे, खरवडावी लागे. मासे कोपऱ्यात तळाशी बसून राहत आणि जोरजोरात तोंडाची उघडझाप करत. काचेपलीकडे तोंडाची उघडझाप करणारे भाऊंनी आयुष्यभर पाहिले होते आणि त्यांना रात्री शांत झोप लागत असे. पण त्या लोकांना निदान संध्याकाळी घरी जाता येत होते. मासे रोज सकाळी तिथेच असत, एखादा कमी.

भाऊ कार्यालय उघडायच्या आधी येऊ लागले. मेलेले मासे काढत आणि दुकानातून आणलेले नवे सोडत. दुकानदार त्यांना पिशवी बांधून देताना एकदा म्हणाला, “तुमच्या कार्यालयात बदल्या फार लवकर होतात हो.” भाऊ हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी ते बायकोला सांगितले. तीही हसली नाही. तिने जेवताना एवढेच विचारले, “आज किती?” आणि भाऊंनी उत्तर टाळून पाणी मागितले.

शेवटी त्यांनी धीर करून साहेबांना सांगितले, की हे असे चालणार नाही. साहेबांनाही ते मान्य होते, कारण झुडपाशिवाय टाकी ओकीबोकी दिसत होती. बैठक बोलावली गेली. प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारले, की सुफेन पाणी आणखी सुफेन कसे करता येईल. मॅडमनी प्रश्न काळजीपूर्वक ऐकला आणि तितक्याच काळजीने उत्तर दिले. “पाण्यात दोष नाही. फक्त त्याच्या सुफेनपणाला थोडा आधार द्यावा लागेल. बदामाची वाळकी पानं टाकून बघू.”

पाने टाकली. पाणी किंचित मऊ झाले असावे, पण त्याआधी ते चहाच्या रंगाचे झाले. बिलाच्या रांगेतल्या लोकांनी टाकी पाहिली, पाटी वाचली, आणि कार्यालयाचे फोन खणखणू लागले. आता नळाला असे पाणी येणार का, रंगाचे वेगळे पैसे पडणार का, असे प्रश्न आले. दुपारी पाने काढण्यात आली.

मग यंत्र आले. पाण्यातले क्षार गाळून काढणारे, घराघरात ओट्याशेजारी लावतात तसेच, पण जरा मोठे. ते टाकीमागे बसवले आणि लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून पुढे लाकडी फलक उभा केला. फलकावर लिहिले होते, ‘थेंब थेंब वाचवा’.

एकच अडचण निघाली. “नुसतं गाळलेलं पाणीही माशांना चालत नाही,” मॅडम म्हणाल्या. “ते अगदीच रिकामं असतं. त्यात थोडं नळाचं मिसळावं लागेल.”

साहेबांचा चेहरा उजळला. “म्हणजे टाकीत आपल्या नळाचं पाणी असेलच?”

“थोडंसं.”

“पाटीवर ‘सगळं’ असं कुठे लिहिलंय?” साहेब म्हणाले. पाटी तशीच राहिली, आणि आता ती खोटीही नव्हती.

मासे सुधारले. नवे लाल झुडूप रुजले, हिरवळ पसरली. भाऊंना बरे वाटले, अगदी मनापासून. ते जेवणाचा डबा टाकीसमोर बसून खाऊ लागले. अडचण एवढीच होती, की यंत्र जेवढे पाणी माशांना देई त्याहून जास्त बाहेर टाके, आणि गाळलेले सगळे क्षार त्या टाकलेल्या पाण्यात जात. ते गटारात सोडावे तर फलकावर ‘थेंब थेंब वाचवा’ लिहिलेले. म्हणून त्याची नळी गच्चीवरच्या टाकीला जोडली. गच्चीवरून ते पुन्हा नळाला येई, नळातून यंत्रात, यंत्रातून पुन्हा गच्चीवर. प्रत्येक फेरीत कार्यालयाचे पाणी आणखी जड होऊ लागले, आणि यंत्राला आणखी राबावे लागू लागले. मग त्याहून मोठे यंत्र आले. मोठ्या यंत्राने मोठ्या प्रमाणात पाणी वर पाठवले.

आधी चहावर साय दिसू लागली. चहा बिनदुधाचा होता. मग हात धुताना साबण नुसता घसरून जाऊ लागला, फेसाचे नाव नाही. मग नळांची धार बारीक झाली, शिपाई तोट्या काढून काड्यांनी टोकरू लागला, आणि एका सकाळी पाणीपुरवठा कार्यालयाचे सगळे नळ क्षाराने बुजून कोरडे पडले. कर्मचारी घरून बाटल्या आणू लागले. स्वच्छतागृहाला जायला शेजारच्या बँकेची परवानगी काढली. बँकेने दुपारच्या जेवणानंतरची वेळ दिली. इमारतीत पाणी म्हणून उरले ते एका काचेच्या टाकीत, आणि त्यासाठी रोज एक टँकर येई.

“सर, नळ दुरुस्त करायला सांगू का?” भाऊंनी विचारले.

“कुणाकडे सांगणार?” साहेब म्हणाले. “पाण्याची तक्रार आपल्याकडेच करायची असते. आणि आपल्याकडे तक्रारी नाहीत.”

हे मात्र खरे होते. लोक हातात खडे साचलेल्या तोट्या घेऊन तावातावाने येत, टाकीसमोर थांबत, एखादा मासा दिसला की दुसऱ्याला दाखवत, फोटो काढत, आणि तोटी पिशवीत घालून निघून जात. खिडकीवर दिवसदिवस कुणी फिरकत नसे. साहेबांचे हॉटेलातले निरीक्षण तंतोतंत खरे ठरले होते.

लॉन्ड्रीवाल्या काकू तेवढ्या बधल्या नाहीत. त्या आल्या, टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, पाटी वाचली, आणि खिडकीशी आल्या. आज त्यांच्या हातात कॉइल नव्हती.

“यंत्र बंद केलं मी,” त्या म्हणाल्या. “हातानं धुतेय. मुलीला सांगितलंय, या धंद्यात पडू नकोस.” मग त्या काचेजवळ वाकल्या. “भाऊ, मला एकच सांगा. तुमच्या पाण्यात हे एवढाले नाजूक मासे जगतात आणि माझं लोखंडाचं यंत्र मरतं. हे कसं?”

“तुमचं म्हणणं वर...” भाऊंनी सुरुवात केली आणि ते थांबले. काकूंच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या. त्यांतल्या एकीवर चिकटपट्टी होती.

भाऊ उठले. खिडकीच्या बाहेर येऊन त्यांनी काकूंना टाकीपाशी नेले आणि ‘थेंब थेंब वाचवा’चा फलक बाजूला सरकवला. मागे यंत्र घुमत होते, नळ्या वर जात होत्या, टँकरचा पाइप खिडकीतून आत आला होता.

“पाणी जड आहे,” भाऊ म्हणाले. “पहिल्यापासून जड आहे. तुमचं बरोबर होतं.”

काकूंनी यंत्र वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग त्या तडक निघून गेल्या.

त्या संध्याकाळी भाऊ घरी आले आणि बायकोजवळ बसले. “उद्या बहुतेक माझी नोकरी जाईल,” ते म्हणाले. “त्या बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. सगळा बाजार घेऊन येतील.”

“काय सांगितलंत त्यांना?”

“खरं सांगितलं.”

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग त्यांच्या ताटात तिने न मागता आणखी एक पोळी वाढली. भाऊंना पुष्कळ दिवसांनी भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कार्यालयाबाहेर खरोखरच गर्दी होती. पुढे काकू, मागे न्हावी, दवाखान्यातली नर्स, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि कितीतरी ओळखीचे चेहरे. भाऊंनी दार उघडले आणि बाजूला झाले. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि पुन्हा आत गेले.

काकूंनी गर्दीला टाकीमागे नेले आणि फलक सरकवला. “हे बघा,” त्या म्हणाल्या. “मी म्हणत होते ना.”

सगळ्यांनी पाहिले. मग न्हावी खाली वाकला, त्याने यंत्राच्या बाजूवरची अक्षरे वाचायचा प्रयत्न केला आणि भाऊंकडे वळून विचारले, “याची क्षमता किती आहे हो? दुकानाला पुरेल?”

“घरासाठी याहून छोटं मिळतं का?” नर्सने विचारले.

“हप्त्यावर देतात?” मुख्याध्यापिकांनी विचारले.

भाऊ काकूंकडे पाहू लागले. काकूंनी जरा अवघडून मान खाली घातली. “माझं काल संध्याकाळीच बुक केलं,” त्या म्हणाल्या. “मासे जगतात म्हणजे यंत्र चांगलंच असणार. तुमचे उपकार झाले भाऊ, खरं सांगितलंत.”

महिन्याभरात शहरात यंत्रे बसली. ज्यांना परवडत नव्हते त्यांनी शेजाऱ्याकडून कळशी भरून आणायची सोय केली. प्रत्येक यंत्राचे टाकलेले पाणी मोरीतून जमिनीत गेले, जमिनीतून खोल विहिरींत, आणि विहिरींतून पुन्हा नळाला आले, पूर्वीपेक्षा थोडे जास्त जड. त्यावर उपाय म्हणून बाजारात जास्त ताकदीची यंत्रे आली. तक्रारी मात्र शून्यावर आल्या. साहेबांना बढती मिळाली आणि ते अधिक मोठ्या शहराचे पाणी सुधारायला गेले.

तक्रार खिडकी गरज उरली नाही म्हणून बंद झाली. भाऊंना कुणी शिक्षा केली नाही. त्यांनी गुन्हा केला आहे हे कुणाच्या लक्षातच आले नाही. आता ते पूर्णवेळ मासे सांभाळतात. काम हलके आहे, मासे धडधाकट आहेत. पण कुणी दारातून आत आले, की भाऊ हातातले काम ठेवून आशेने वर बघतात. त्यांना अजून वाटते, की कधीतरी कुणीतरी येईल आणि म्हणेल, यंत्राचं राहू द्या, नळाचं काय ते सांगा. उत्तर त्यांच्याकडे तयार आहे.

परवा तुम्ही गेला होतात, तेव्हाही त्यांनी असेच वर पाहिले होते. तुम्ही टाकीजवळ थांबलात, माशांचा फोटो काढलात, भाऊंजवळ येऊन घसा खाकरलात. भाऊ उठून उभे राहिले.

आणि तुम्ही विचारलेत, “याचा फिल्टर किती दिवसांनी बदलायचा?”